योंगिनहून आणलेली दोरी

ल्यूकन
३ सप्टेंबर २०१७

मृणालिनी,

गणपतीला तू आली नाहीस. तुझा निरोप आला तेव्हा मोदक उकडून झाले होते. तू ऑन-कॉल होतीस, ते खरंच असणार. जुलैतही होतीस आणि त्याआधी माझ्या वाढदिवसालाही. तुमच्या हॉस्पिटलात बाकीचे डॉक्टर काय करतात, असं विचारणार होते. विचारत नाही.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी फक्त हवामानाचं बोलतो. पुरत्या आयरिश झालो. रणजित होता तेव्हा तो मध्ये बसून दोन्हीकडचं बोलायचा. तो गेल्यावर कळलं की नणंद आणि भावजय म्हणून आपण थेट फारसं कधी बोललोच नव्हतो. लिहिताना निदान उत्तराची वाट बघता येते.

मी दोन आठवडे कोरियाला जाते आहे. तिथल्या कारखान्यात आमच्या चिप प्लँटसाठी एक यंत्र तयार होतंय. ते इकडे पाठवण्याआधी तपासायचं. माझ्या टीममधला शैलेंद्र जाणार होता, पण त्याच्या मुलीची शाळा सुरू झाली म्हणून त्याने नाही म्हटलं. मला जमेल का, असं कोणी विचारलं नाही. माझं जमतंच असं सगळे धरून चालतात.

आता मुद्दा. रणजितला जाऊन पंधरा ऑक्टोबरला दोन वर्षं होतील. रविवार आहे. गेल्या वर्षीसारखी मी सकाळी येईन. भात तू लाव, अळूवड्या मी आणेन. गेल्या वर्षी मागच्या भिंतीवर पान ठेवलं तर कावळ्याऐवजी मॅगपाय आला आणि तू म्हणालीस, “चालेल, रणजितला तरी पक्ष्यांतलं कुठे काय कळत होतं?” त्या वर्षात आपण हसलो ते तेवढंच.

येऊ ना? या देशात मला न विचारता जाता येईल असं एकच घर होतं. आता विचारते आहे, हे माझ्याही लक्षात आलं आहे.

विभाताई


पोर्टलीश
१२ सप्टेंबर २०१७

विभाताई,

मोदकांचं फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी ते घरी बसून आठवत होते.

ऑक्टोबरच्या ड्युट्यांचा रोटा अजून आलेला नाही, त्यामुळे पंधरा तारखेचं आत्ता सांगता येत नाही. रागावू नका. हल्ली थकवा खूप येतो. वॉर्डातून परत आले की बूट न काढता सोफ्यावर पडते.

वरच्या खोलीतलं प्रेस, म्हणजे कपाट, शेवटी रिकामं केलं. रणजितचे शर्ट देऊन टाकले. कोट ठेवला, तो मलाच होतो. मागचं गवत गुडघाभर वाढलं होतं, ते शेजारचा डेक्लन कापून देतो. इथल्याच शाळेत भूगोल शिकवतो. त्याला सगळंच ग्रँड असतं. पाऊस ग्रँड, गवत ग्रँड, माझी आमटीसुद्धा ग्रँड. मी त्याला म्हटलं, आमटीत मीठ नाहीये. म्हणाला, तरी ग्रँड.

तुम्ही कोरियात हॉटेलच्या खोलीत बसून ठेपले खाऊ नका. तैवानला गेला होतात तेव्हा लिफ्ट आणि फॅक्टरी एवढंच पाहून आलात. एक तरी जागा बघा आणि मला लिहा. माझी काळजी करू नका.

मृणालिनी


योंगिन
२३ सप्टेंबर २०१७

मृणालिनी,

मी येऊ का, याचं उत्तर तू दिलं नाहीस. रोट्याचं दिलंस.

डेक्लनला आमटी दिलीस ते बरं केलंस. गवत कापणाऱ्याला नुसत्या चहावर पाठवणं बरं दिसत नाही.

तू सांगितलंस म्हणून आज एक जागा पाहिली. शनिवार होता, कारखाना बंद. हॉटेलमधल्या मुलीने नकाशावर गोल करून दिला आणि मी बसमध्ये बसले. इथे एक जुनं गाव आहे. म्हणजे गाव नाही, गावासारखं मांडलेलं आहे. घरं मात्र खरी. दूरच्या गावांतली आणून इथे उभी केलेली. मातीच्या भिंती, पेंढ्याची छपरं, अंगणात कमरेएवढे रांजण. स्वयंपाकघर खाली, खोली वर, आणि चुलीची धग जमिनीखालून त्या खोलीत जाते. मी आत हात टेकवून पाहिला. जमीन गार होती. तिथे कोणी राहत नाही. लोहार, कुंभार, विणकर सकाळी येतात, जुने कपडे चढवतात, आणि संध्याकाळी आपापल्या फ्लॅटमध्ये जातात. ल्यूकनमधली आमची वसाहत दिवसा अशीच असते.

एका अंगणात लग्न लावत होते. खोटं. एक माणूस दोरावर चालत होता, तो खरा. एकट्या बाईला अशा ठिकाणी एक काम मिळतं: दुसऱ्यांचे फोटो काढून देणं. मी बरेच काढले. एक कुटुंब मला म्हणालं, तुमचाही काढू का? मी रांजणांशेजारी उभी राहिले. तो फोटो मी पाहिला आणि पुसला.

दुपारी कांद्याच्या पातीचं धिरडं खाल्लं. दोघांना पुरेल एवढंच एक देतात, अर्धं टाकावं लागलं.

आता तुझ्यासाठी जे आणते आहे त्याचं सांगते. एका घराच्या फाटकावर पेंढ्याची दोरी आडवी बांधली होती. तिच्यात लाल मिरच्या आणि कोळसे खोवलेले. मी थांबलेच. इतक्या लांब येऊन काय बघावं, तर दुकानाच्या दारावरची लिंबू-मिरची. लिंबू तेवढं नव्हतं. शनिवारही होता! दृष्टीला भिणारी माणसं सगळीकडे सारखीच.

बाजूला ओट्यावर एक म्हातारे तीच दोरी वळत बसले होते. विकायला छोट्या होत्या, त्यांत कापडी मिरच्या. मी बोटाने एक हवी म्हणून दाखवलं. त्यांनी काही तरी विचारलं. मला कळेना. त्यांनी एका हातात मिरच्या धरल्या, दुसऱ्यात पाइनची डहाळी, आणि भुवया उंचावल्या. मी अर्थातच मिरच्या निवडल्या. ते इतके खूश झाले की उठून उभे राहिले आणि वाकले. त्यांची बायको असावी, तिने माझे दोन्ही हात हातात घेऊन हलवले. आजूबाजूच्या चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या. एका दोरीसाठी एवढं कौतुक! मलाही वाकावं लागलं. मृणालिनी, खूप दिवसांत माझा हात कोणी इतका वेळ धरला नव्हता.

ही दोरी तुझ्या पुढच्या दारावर बांध. हसू नकोस. तू डॉक्टर आहेस, मी इंजिनिअर आहे, आपला यावर विश्वास नाही, तरी बांध. त्या घराने पुष्कळ सोसलं. आता त्याला कुणाची नजर लागायला नको आणि बाहेरच्याचं पाऊल आत पडायला नको.

विभाताई

ल्यूकन, २ ऑक्टोबर. तिथे पोस्टात जाणं जमलं नाही. आज दोरीसकट पाठवते आहे.


पोर्टलीश
६ ऑक्टोबर २०१७

विभाताई,

तुम्हाला कोणी सांगितलं?

शैलेंद्रच्या बायकोने का? ती मला क्लिनिकबाहेर दिसली होती. की तुम्ही येऊन पाहून गेलात?

मी घरून निघताना पोस्टमनने तुमचं पाकीट हातात दिलं, ते मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये उघडलं. आमच्याकडे महिन्यापुरते एक भूलतज्ज्ञ आलेत, डॉ. सो, मूळचे सोलचे. दोरी पाहून ते सँडविच खाली ठेवून उभे राहिले आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. “अभिनंदन! मुलगा?” टेबलाभोवती सातआठ जण. माझा हात आपोआप पोटावर गेला. मग ते सगळ्यांना सांगत बसले की घरात बाळ झालं की ही दोरी फाटकावर बांधतात. मिरच्या म्हणजे मुलगा, नुसती पाइन आणि कोळसे म्हणजे मुलगी. आणि ती उतरेपर्यंत, तीन आठवडे, बाहेरच्या माणसाने आत जायचं नाही.

मी हॉस्पिटलातही कोणाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे.

मग घरी येऊन तुमचं पत्र वाचलं. कौतुक, टाळ्या, आणि शेवटी बाहेरच्याचं पाऊल. ताई, तुम्ही समोर येऊन ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं. इतकं सावकाश, दोरीत विणून कशाला?

तर मीच लिहिते. पाचवा महिना चालू आहे. डेक्लनचं आहे. तो गवत कापतो हे खोटं नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून तो माझ्याबरोबर आहे, आता इथेच राहतो. रणजितच्या वेळी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, हे तुम्हाला माहीत आहे, दोन्ही वेळा तुम्हीच मला शिरा करून घातलात. म्हणून या वेळी मोठा स्कॅन होईपर्यंत कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. तुम्हाला तर त्यानंतरही सांगवेना. तुमचं इथे दुसरं कोणी नाही हे मी रोज जाणते. ते जाणत असताना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

एकच विचारते. तो बाहेरचा माणूस कोण? डेक्लन? की तुम्ही स्वतःला बाहेरची धरलंत आणि मला तसं कळवलंत?

पंधरा तारखेला मी रणजितचं पान वाढणार नाही. डेक्लन टेबलाशी बसलेला असताना ते माझ्याने व्हायचं नाही, आणि त्याला त्याच्याच घराबाहेर काढणंही व्हायचं नाही. तो म्हणतो, “तिला लिही, यायचं तर ये, चहा आहे.” त्याला वाटतं चहाने सगळं होतं.

त्या दिवशी येऊ नका. उत्तरही लगेच देऊ नका.

मृणालिनी


ल्यूकन
१८ ऑक्टोबर २०१७

मृणालिनी,

मला काहीच माहीत नव्हतं.

शैलेंद्रची बायको काही बोलली नाही. मी कुठे येऊन पाहिलं नाही. दृष्टीची दोरी समजून मी ती उचलली. त्या म्हाताऱ्यांनी मुलगा की मुलगी असं विचारलं आणि मी मिरच्या निवडल्या. त्यांनी मला आजी समजून टाळ्या वाजवल्या. इतकंच झालं. बाहेरचा माणूस म्हणजे चोर, पोस्टातून येणारी बिलं, आजारपण. माझ्या मनात डेक्लन नव्हता. त्याच्याबद्दल मी आमटीपलीकडे विचार केलाच नव्हता.

हे लिहायला इतके दिवस लागले, कारण दुसरंही लिहिता आलं असतं. मला सगळं ठाऊक होतं, मी आशीर्वाद म्हणून दोरी पाठवली, तू वाकडा अर्थ घेतलास, असं. तू विश्वास ठेवला असतास. मी त्यात फार चांगली दिसले असते. पण मग तुझ्या घरी जी बाई येत राहिली असती ती मी नसते.

तू सरळ सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? टाळ्या वाजवल्या नसत्या. दोन वर्षंही झाली नाहीत, असं म्हणाले असते. आजही मनात तेच येतं. आणि त्याच्या शेजारीच दुसरंही येतं, की या वेळी बाळ राहू दे. दोन्ही एकाच वेळी येतात. मी काय करू?

पंधरा तारखेला येऊ नका म्हणालीस. मी आले. गाडीतून उतरले नाही. तुझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे थांबले. दुसऱ्या दिवशी वादळ येणार म्हणून सगळे आवराआवर करत होते. एक उंच माणूस तुझ्या कुंड्या उचलून शेडमध्ये नेत होता, एकेक, दोन्ही हातांनी. रणजितने त्या पायाने ढकलल्या असत्या. तू दारात होतीस. रणजितचा कोट होता अंगावर, पुढची बटणं लागत नव्हती. ती बटणं पाहून मला पहिल्यांदा सगळं खरं वाटलं. मग तू आत गेलीस आणि मी गाडी वळवली.

डबा बरोबर होता. भात, वरण, अळूवड्या. मोनास्टरेव्हनजवळ मोटरवेच्या पेट्रोलपंपावर थांबले आणि कुंपणापाशी झाकणावर वाढून ठेवलं. कावळा लगेच आला. इथला कावळा कोणाच्याही हातचं खातो, त्यामुळे त्यावरून रणजितला काय वाटतं ते ठरवता येत नाही. उरलेलं मी गाडीत बसून खाल्लं. वादळाच्या दिवशी प्लँट बंद होता. पूर्ण दिवस घरात होते. कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या, बाकी काही नाही.

तू मला विचारलंस, बाहेरचं कोण. आता मी तुला विचारते. रणजितचं असतं तर मी आत्या झाले असते. हे रणजितचं नाही. मग मी कोण? मला ते पाहायला येता येईल ते कोण म्हणून?

विभाताई


पोर्टलीश
२६ ऑक्टोबर २०१७

विभाताई,

तुमची गाडी मला दिसली होती.

मी आत गेले ती कोट काढायला. डेक्लनच्या शेजारी रणजितच्या कोटात तुम्ही मला पाहू नये असं वाटलं. काढून बाहेर आले तर रस्ता रिकामा होता. डेक्लन म्हणाला, “कोण होतं?” मी म्हटलं, कोणी नाही. ते चुकीचं बोलले, तेही तुम्हाला सांगून टाकते.

दोन वर्षंही झाली नाहीत, असं तुम्ही म्हणाला असता हे मला माहीत होतं. मीही रोज स्वतःला म्हणते. पण मी एकोणचाळीस वर्षांची आहे आणि हे बाळ हलतं.

तुम्ही कोण, याचं उत्तर मला आत्ता येत नाही. आठ दिवस शोधलं. खोटं लिहायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, म्हणून मीही लिहीत नाही. बाळ झालं की पहिलं पत्र तुम्हाला लिहीन. ते घेऊन या.

मृणालिनी


पोर्टलीश
६ मार्च २०१८

विभाताई,

मुलगी झाली. सव्वीस तारखेला. तिचं वजन चांगलं आहे, मीही बरी आहे. हिम पडायच्या आधी आम्ही घरी पोचलो आणि नंतर तीन दिवस दार उघडलं नाही. गावातला ब्रेड संपला म्हणून डेक्लन कासावीस. दुकानादुकानांतून हिंडून आला. मी म्हटलं, “अरे, घरात वीस किलो तांदूळ आहे, मरत नाहीस.” म्हणतो, “पण ब्रेड नाही ना!”

त्याची आई, मॉरीन, हिम पडण्याआधीच गॉलवेहून आल्या आणि इथेच अडकल्या. चांगल्या आहेत. मला सारखा चहा देतात आणि खोली इतकी तापवतात की मला पुणं आठवतं. मुलीचं नाव ठरलेलं नाही. त्यांना ओर्ला हवं आहे.

काल दुपारी तिला पाजताना मला अळिवाची खीर खावीशी वाटली आणि मी रडले. मॉरीन म्हणाल्या, हार्मोन्स.

पत्र लिहीन म्हटलं होतं, हे ते. रविवारी या.

मृणालिनी


ल्यूकन
१२ मार्च २०१८

मृणालिनी,

कालचं लिहून ठेवते, नाही तर तू आणि मी ते कधीच बोलणार नाही.

अळीव मला ल्यूकनमध्ये मिळाले नाहीत, क्लोनडॉकिनला राहणाऱ्या वृंदाकडे होते. खीर तू दोन वाट्या खाल्लीस. तिसरी मॉरीनने चमच्याच्या टोकाने चाखली आणि म्हणाली, “लव्हली,” आणि वाटी लांब ठेवली. डेक्लनने मला दारातच विचारलं, “प्रवास कसा झाला?” आणि मी उत्तर देण्याआधीच म्हणाला, “ग्रँड?” मी हो म्हटलं. तो माझ्याशी बोलायला घाबरला होता, मीही. त्याने माझा कोट घेतला आणि बराच वेळ तो कुठे टांगावा ते त्याला कळेना. मला तो आवडला नाही असं म्हणता येत नाही. म्हणायचं होतं.

मुलगी तू माझ्या हातात दिलीस. तिने माझं बोट मुठीत धरलं. सगळीच बाळं धरतात, ते मला माहीत आहे. तिच्यात मी रणजितला शोधलं. तो तिथे असण्याचं काही कारण नव्हतं. मग शोधणं थांबलं आणि ती नुसतीच एक मुलगी उरली. कपाळ तुझं.

त्यानंतर त्या शेजारणी आल्या. मदर्स डे होता, त्यांनी मॉरीनसाठी आणि तुझ्यासाठी फुलं आणली. त्यांतली एक माझ्याकडे पाहून म्हणाली, “आणि या कोण?” मॉरीन म्हणाली, “या मृणालिनीच्या ल्यूकनच्या मैत्रीण. गोड काही तरी घेऊन आल्यात.” तिने ते प्रेमानेच म्हटलं. शेजारीण म्हणाली, “किती छान, इतक्या लांबून!” आणि मला सोफ्याच्या कडेला सरकून जागा दिली.

तू तिथेच होतीस. खांद्यावरची शाल सारखी करत होतीस. तू ऐकलंस, आणि तू ऐकलंस हे मी पाहिलं. तू शाल पुन्हा सारखी केलीस.

मी थोड्या वेळाने उठले, वाट्या विसळल्या आणि निघाले. डेक्लन गाडीपर्यंत आला.

मोटरवेवर मी ते वाक्य वेगवेगळ्या प्रकारे दुरुस्त करून पाहिलं. मी तिच्या गेलेल्या नवऱ्याची बहीण, असं त्या खोलीत फुलांशेजारी बसून म्हणता येत नाही. मी ते म्हटलं असतं तर सगळ्यांची तोंडं उतरली असती आणि खीर माझ्यामुळे कडू झाली असती. तू म्हटलं असतंस तर तसं झालं नसतं. घर तुझं आहे. ते वाक्य दुरुस्त करायचं काम माझं नाही.

ऑक्टोबरमध्ये तू म्हणालीस, उत्तर येत नाही. मी तेव्हा मान्य केलं. आता तिला पाहून आले आहे, तेव्हा मान्य करत नाही.

मी पुढच्या रविवारी येते आहे. रोटा विचारत नाही, तू रजेवर आहेस. माझ्याआधी मॉरीनशी बोल. तिला काय सांगायचं ते तू ठरव. तुला जे सुचेल ते मी होईन.

मैत्रीण सोडून काहीही चालेल.

विभाताई